आकड्यांतलं धरण

कागल मागे टाकून पुणे-बंगळूर महामार्गानं दक्षिणेला निघालं, की दूधगंगेचा पूल लागतो आणि त्यापाठोपाठ कोगनोळीचा टोलनाका. महाराष्ट्र इथे संपतो, कर्नाटकातला निपाणी तालुका सुरू होतो. नाक्यावरच्या रांगेत ऊस, भाजीपाला आणि तंबाखूच्या गाड्यांबरोबर कोल्हापूर, कागल, बेळगावच्या फौंड्रींमधलं कास्टिंग भरलेले ट्रकही उभे असतात.

कोगनोळी गावातली एखादी मुलगी मेकॅनिकल किंवा सिव्हिलमध्ये एम.टेक. झाली आणि तिनं सिम्युलेशनमध्ये पीएचडी करायचं ठरवलं, तर हाच रस्ता तिला दोन्हीकडे नेतो. उत्तरेला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, सांगलीचं वालचंद महाविद्यालय, मग पुणं आणि मुंबई. दक्षिणेला बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं व्हीटीयू, त्यापुढे धारवाडची आयआयटी आणि बंगळूर. जागा किती, प्रवेश परीक्षा कधी, गाईड कोण, हे सगळं आता फोनवर कळतं. ही विद्या आली कुठून, ते मात्र वर्गात फारसं कुणी सांगत नाही. मला वाटतं, गाईड शोधण्याआधी ते माहीत असावं. कारण या शास्त्रातली बहुतेक साधनं मुळात कुणाचे तरी पीएचडीचे प्रबंध आहेत. विद्यार्थी प्रयोगशाळेत जे सॉफ्टवेअर उघडतो, त्याच्या एकेका पर्यायामागे एकेका माणसाची चार-पाच वर्षं आहेत. त्यातले काही प्रबंध आपल्या नद्या-धरणांच्या प्रश्नांवर लिहिले गेले, आणि सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्यांपैकी एक पुण्याच्या माणसानं लिहिला.

सुरुवात करावी ती धरणापासून. १९१० साली लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज तरुणानं रॉयल सोसायटीपुढे एक निबंध ठेवला. पुढच्या वर्षी तो छापून आला. प्रश्न असा होता : दगडी धरणाच्या पोटात पाण्याच्या दाबानं ताण कुठे किती येतो? ताणाची समीकरणं तोवर माहीत झाली होती, पण धरणाच्या खऱ्या आकारासाठी ती कागदावर सुटत नव्हती. रिचर्डसननं धरणाच्या छेदावर चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर कलनशास्त्रातल्या समीकरणाच्या जागी शेजारच्या कोपऱ्यांशी असलेली साधी बेरीज-वजाबाकी मांडली, एक अंदाज घेतला, आणि सगळे आकडे एकमेकांशी जुळेपर्यंत तो पुन्हा पुन्हा सुधारत नेला. गणितं करायला त्यानं माणसं लावली. एका बिंदूमागे, आकडा किती अंकांचा आहे ते पाहून, पेनीच्या हिशेबात मजुरी दिली आणि तो दरही निबंधात नोंदवून ठेवला. याच कामावर त्यानं केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची फेलोशिप मागितली होती. ती मिळाली नाही. पुढे १९२२ साली त्यानं हवामानाचा अंदाज याच रीतीनं काढण्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात एका भव्य सभागृहात बसून पृथ्वीचं हवामान मोजणाऱ्या ६४,००० माणसांची कल्पना मांडली.

सिम्युलेशनचा इतिहास सांगणारे बहुधा दुसऱ्या महायुद्धापासून, अमेरिकेतल्या अणुबॉम्बच्या गणितांपासून सुरुवात करतात. रिचर्डसनचं धरण त्याआधीचं आहे, आणि आज जे केलं जातं त्याचा सगळा गाभा त्यात आहे. वस्तूचे लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला निसर्गाचा नियम लावायचा, कडेला काय चाललंय ते ठरवून द्यायचं, आणि आकडे स्थिरावेपर्यंत फेऱ्या मारायच्या. आजचे विद्यार्थी यालाच मेश, बाउंड्री कंडिशन आणि कन्व्हर्जन्स म्हणतात.

रिचर्डसनचा निबंध छापून आल्यावर पाचच वर्षांनी, १९१६ साली, मुंबई इलाख्याच्या सरकारनं पुण्यात पाण्याच्या संशोधनाचं केंद्र उभं केलं. आज खडकवासल्याला असलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा ती हीच. इथली रीत अगदी वेगळी होती. नदी, बंधारा, सांडवा, बंदर यांची लहान आकाराची हुबेहूब प्रतिकृती जमिनीवर बांधायची, त्यात पाणी सोडायचं आणि मोजायचं. ही प्रतिकृती म्हणजेही मॉडेलच. गणित तिथेही होतं, कारण लांबी शंभरपट लहान केली म्हणून वेग शंभरपट लहान होत नाही. लाटेचा आणि गुरुत्वाकर्षणाचा हिशेब सांभाळून वेग दहापट लहान धरावा लागतो. घर्षण, गाळ, बुडबुडे हे मात्र त्याच प्रमाणात लहान होत नाहीत. हवा तितका बारीक गाळच मिळत नाही. शिवाय प्रत्येक धरणाला नवी प्रतिकृती, नवी जागा, महिनोन्‌महिने काम. आकड्यांतलं मॉडेल पुढे आलं ते या अडचणीवर उपाय म्हणून, आणि आजही अनेक ठिकाणी दोन्ही एकमेकांना तपासत शेजारी शेजारी चालतात.

खडकवासल्याच्या धरणाशी आणखी एक नाव जोडलेलं आहे. १९०३ साली तिथे पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडणारी दारं बसवली ती मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी. म्हैसूरच्या या माणसाचं अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झालं. १८८३ साली ते परीक्षेत पहिले आले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरले. तेच महाविद्यालय पुढे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं, पुणेकरांचं सीओईपी. विश्वेश्वरय्यांच्या नावाचं विद्यापीठ कर्नाटकानं १९९८ साली काढलं ते बेळगावात. पुण्याहून बेळगावला जाणाऱ्या ज्या रस्त्यावर कोगनोळी बसलं आहे, त्या रस्त्याची दोन्ही टोकं अशी एका माणसानं जोडलेली आहेत.

रिचर्डसनच्या चौकटी सरळ रेषांच्या होत्या. वाकड्यातिकड्या आकाराला त्या नीट बसत नसत. १९५६ साली टर्नर, क्लॉ, मार्टिन आणि टॉप या चौघांनी विमानाच्या पंखाचे त्रिकोणी तुकडे पाडून ताण काढण्याची रीत छापली, आणि १९६० साली बर्कलीच्या रे क्लॉ यांनी तिला फायनाइट एलिमेंट हे नाव दिलं. अमेरिकेत तेव्हा संगणक विद्यापीठांपर्यंत पोचले होते. पुढच्या दहा वर्षांत बर्कलीतून या विषयावर प्रबंधांमागून प्रबंध निघाले. अनिल चोप्रा हे बनारस हिंदू विद्यापीठातून शिकून तिथे गेलेले विद्यार्थी. १९६६ साली ते डॉक्टरेट झाले. त्यांचा विषय होता भूकंपात धरण कसं हलतं.

पुढच्याच वर्षी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनानगर हादरलं. सुमारे १८० माणसं गेली. नव्यानं उभ्या राहिलेल्या १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला आडव्या भेगा पडल्या, पुढूनही आणि मागूनही. धरण उभं राहिलं, पण इंजिनिअरांची झोप उडाली, कारण नेहमीच्या हिशेबाप्रमाणे भेगा पडायलाच नको होत्या. आराखडा करताना भूकंपाचा जोर धरणाच्या वजनाच्या पाच टक्के धरला होता आणि तो आडवा, स्थिर ढकलल्यासारखा लावला होता. त्या हिशेबात काँक्रीट कुठेच ताणलं जात नव्हतं. प्रत्यक्षात धरणाच्या गॅलरीत बसवलेल्या यंत्रानं नदीच्या दिशेनं नोंदवलेलं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या जवळपास निम्मं होतं.

त्या यंत्रानं टिपलेली नोंद ही फार मोलाची गोष्ट होती. इतका मोठा धक्का, इतकं उंच काँक्रीटचं धरण, नेमकी मोजलेली हालचाल आणि नेमक्या दिसणाऱ्या भेगा, असं एकत्र जगात तोवर कुणाच्या हाती लागलेलं नव्हतं. चोप्रांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या चक्रवर्तींनी कोयनेच्या छेदाचे तुकडे पाडले, ती नोंद तळाला लावली आणि क्षणाक्षणाचा ताण काढला. १९७३ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात दिसतं, की धरणाच्या मागच्या, म्हणजे पाणी नसलेल्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, तिथेच काँक्रीटला सोसणार नाही इतका ताण येतो. भेगा तिथेच होत्या. स्थिर हिशेब जे दाखवू शकला नाही ते हलत्या हिशेबानं दाखवलं. उंच खंडांना नंतर मागच्या बाजूनं काँक्रीटचे टेकू देऊन धरण मजबूत केलं गेलं.

चोप्रांचा विद्यार्थी ग्रेगरी फेनव्हिस. दोघांनी १९८४ साली धरण, पाणी आणि पाया यांचा एकत्र विचार करणारी आज्ञावली तयार केली. फेनव्हिसचा विद्यार्थी जीहो ली. त्यानं काँक्रीट चिरडताना आणि फाटताना वेगवेगळं कसं कमकुवत होतं याचं गणित बसवलं, आणि ते तपासायला दोघांनी १९९८ साली निवडलं ते पुन्हा कोयनाच. त्या कामाचा वापर करणारं प्रारूप आज अबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत नमुन्याचं उदाहरण म्हणून कोयना धरण दिलेलं आहे. चीन, इराण, तुर्कस्तान, कॅनडातले विद्यार्थी काँक्रीटच्या भेगांचं नवं सूत्र मांडतात, तेव्हा ते आधी कोयनेवर चालवून दाखवतात. पाटण तालुक्यातलं हे नाव भूकंप-अभियांत्रिकीच्या प्रबंधांत ज्या सहजतेनं येतं, तेवढ्या सहजतेनं ते आपल्याकडच्या महाविद्यालयांत यायला हवं. कोयना कराडला कृष्णेला मिळते, दूधगंगाही पुढे कृष्णेलाच. कोगनोळीच्या विद्यार्थिनीसाठी हे धरण परकं नाही.

आता त्याच १९६७ सालात लंडनला जाऊ. सुहास पाटणकर हे पुण्यात १९४१ साली जन्मलेले. १९६२ साली सीओईपीतून पदवी, १९६४ साली आयआयटी मुंबईतून एम.टेक., आणि १९६७ साली इम्पीरियल कॉलेजमधून पीएचडी. गाईड होते ब्रायन स्पाल्डिंग. स्पाल्डिंगांच्या भोवती तेव्हा जमलेला गट हा या विद्येचा मोठा आखाडा होता. डेव्हिड गॉसमन, अक्षय रणछल, मिखा वुल्फश्टाइन अशी नावं त्यात होती, आणि त्यातले बरेच जण पीएचडीचे विद्यार्थीच होते. भट्टी, इंजिन, टर्बाइनची पाती यांच्याभोवती वायू कसा वाहतो आणि उष्णता कशी पसरते, हे पंच केलेल्या कार्डांवर आज्ञावली लिहून काढायचं, हा त्यांचा ध्यास. पाटणकरांनी भिंतीलगतच्या पातळ थरातल्या प्रवाहासाठी एक रीत बसवली. प्रवाह पुढे सरकताना थर जाड होत जातो, तशी त्यांची चौकटही त्याच्याबरोबर रुंदावत जाई, त्यामुळे एकही बिंदू वाया जात नसे. प्रबंधाच्याच वर्षी त्यावर स्पाल्डिंगांबरोबर त्यांचं पुस्तक आलं. एका विद्यार्थ्याचं काम इतक्या लवकर जगाच्या कामी यावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्पाल्डिंगांकडे विषय कारखान्यातून येत आणि उत्तर कारखान्यात परत जाई.

पण पाटणकरांचं सगळ्यात परिणामकारक काम १९७२ सालचं. पाणी किंवा हळू वाहणारी हवा यांच्या प्रवाहात एक पेच असतो. वेगासाठी समीकरण आहे, वस्तुमान टिकतं याचं समीकरण आहे, पण दाबासाठी स्वतंत्र समीकरणच नाही. आणि दाब कळल्याशिवाय वेग निघत नाही. पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी सुचवलं, की दाब आधी अंदाजानं धरा. त्यावरून वेग काढा. हे वेग प्रत्येक चौकटीत तपासा : जितकं पाणी आत आलं तितकंच बाहेर गेलं का? जिथे जास्त आलं तिथे दाब थोडा वाढवा, जिथे कमी पडलं तिथे घटवा, वेग सुधारा आणि पुन्हा सुरुवात करा. उसाला पाटाचं पाणी देणारा माणूस एका सरीचं तोंड थोडं दाबतो, दुसरीचं मोकळं करतो आणि सगळ्या सऱ्या सारख्या भरेपर्यंत फिरत राहतो, तसंच हे आहे. फरक इतकाच की इथे सऱ्या लाखोंनी असतात. या रीतीला त्यांनी सिंपल असं नाव दिलं. वेग आणि दाब चौकटीत वेगवेगळ्या जागी ठेवण्याची युक्ती त्यांनी लॉस अलामॉसच्या हार्लो आणि वेल्श यांच्या १९६५ च्या कामातून घेतली. स्पाल्डिंगांच्या कंपनीनं १९८१ साली फीनिक्स हे सॉफ्टवेअर विकायला काढलं, ते याच घराण्यातलं.

पाटणकर पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९८० साली आलेलं उष्णता आणि प्रवाहाच्या संगणकीय गणितावरचं त्यांचं पुस्तक दोनशे पानांच्या आसपासचं आहे आणि ते या विषयातल्या अनेकांचं पहिलं पुस्तक असतं. मी त्याची शिफारस डोळे झाकून करीन. लेखक एकेक संख्या कुठून आली ते सांगतो, चुकीची रीत का चुकीची आहे हे हातानं करता येण्याजोग्या उदाहरणावर दाखवतो, आणि उत्तर गणितात बरोबर असलं तरी निसर्गात अशक्य असेल तर ते फेकून द्यायला शिकवतो. इंग्रजी जेमतेम असलेला विद्यार्थीही ते वाचू शकतो. निपाणी, चिकोडी, गडहिंग्लजच्या मुलांसाठी ही लहान गोष्ट नाही. हीच विद्या आयआयटी मुंबईत अनिल दाते यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवली. तेही इम्पीरियलमध्येच डॉक्टरेट झालेले, आणि त्यांचं या विषयावरचं पुस्तक २००५ साली केंब्रिजनं छापलं.

१९८३ साली अमेरिकेत फ्लुएंट हे सॉफ्टवेअर बाजारात आलं. त्यात प्रवाहाचा प्रश्न सोडवायला बसलं, की दाब आणि वेग यांची सांगड कशी घालायची याच्या यादीत सिंपल असतंच. पुढे फ्लुएंट कंपनीनं पुण्यात कार्यालय काढलं, २००६ साली अ‍ॅन्सिसनं ती कंपनी घेतली, आणि आज त्या सॉफ्टवेअरचं बरंच काम पुण्यात चालतं. सीओईपीतून निघालेली वाट अशी लंडन-मिनेसोटा करून पुण्यात परतली. दुसरी शाखा इम्पीरियलमध्येच वाढली. हेन्री वेलर, ऱ्वोये यासाक आणि त्यांच्या सोबत्यांनी नव्वदच्या दशकात प्रबंधांच्या कामातून एक आज्ञावली उभी केली आणि २००४ साली ती ओपनफोम या नावानं सगळ्यांना फुकट खुली केली. तिच्यातल्या एका मुख्य भागाचं नाव आजही सिंपलफोम आहे. परवान्यासाठी लाखो रुपये नसलेल्या महाविद्यालयाला ओपनफोमनं पहिल्यांदा बरोबरीचं हत्यार दिलं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं त्याचा आपल्याकडे प्रसार केला, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे भारतीय भाषांत ऐकता येतात.

हे सगळं चालवायला यंत्र लागतं, आणि त्याबाबतीत आपण बराच काळ परावलंबी होतो. टीआयएफआरनं मुंबईत बांधलेला टिफ्रॅक १९६० साली चालू झाला खरा, पण अभियांत्रिकीच्या मोठ्या गणितांना तो पुरणारा नव्हता. ऐंशीच्या दशकात अमेरिकेनं मोठे सुपरसंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सीडॅकची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ साली परम ८००० तयार झाला. अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून केलेला. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनं त्याआधीच, १९८६ साली, खास प्रवाहाच्या गणितांसाठी फ्लोसॉल्व्हर बांधला होता. २००७ च्या नोव्हेंबरात पुण्यातला ‘एका’ नावाचा सुपरसंगणक जगात चौथा ठरला. राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशन २०१५ साली मंजूर झाल्यापासून आयआयटी, आयसर आणि बंगळूरच्या आयआयएससीमध्ये परम घराण्यातली यंत्रं बसली आहेत. यंत्रासाठी अडून राहण्याचे दिवस संपत आले आहेत. आता अडतंय ते प्रश्नापाशी.

हे मी मुद्दाम लिहितो आहे. कारण आपल्या भागातल्या पीएचडींचं एक दुखणं आहे. महाविद्यालयात शिकवणाऱ्याला बढतीसाठी पदवी हवी असते. मग सॉफ्टवेअर घ्यायचं, कुठल्या तरी छापील निबंधातला आकार घ्यायचा, त्यात एक-दोन मापं बदलायची, रन लावायचा, लाल-निळी चित्रं काढायची. चित्रं सुंदर दिसतात. पण ती खरी आहेत का, हे सांगायला शेजारी मोजलेला एकही आकडा नसतो. कोयनेचं काम टिकलं ते भेगा डोळ्यांना दिसत होत्या आणि यंत्रानं नोंद ठेवली होती म्हणून. पाटणकरांची रीत टिकली ती हजारो वेळा मोजमापाशी ताडून पाहिली गेली म्हणून. मोजमापाशिवायचं सिम्युलेशन हे संशोधन नव्हे, असं मला ठामपणे वाटतं.

आणि मोजण्यासारखं कोगनोळीच्या आसपास किती आहे! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढे लोखंडी नांगर ओतला. बेळगावात जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. रिचर्डसन धरणाच्या चौकटी मोजत होता तेच हे वर्ष. तेव्हापासून या पट्ट्यात ओतकाम आहे. साच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतला की तो बाहेरून थिजत आत जातो. जाड भाग शेवटी थिजतो, आणि त्याला आकसताना रस पुरला नाही तर आत पोकळी राहते. चेक इंजिनिअर ख्वोरिनॉव यानं १९४० साली सांगितलं, की थिजायला लागणारा वेळ आकारमानाला पृष्ठभागानं भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. रायझर, म्हणजे आकसताना रस पुरवणारा साच्यातला साठा, कुठे, केवढा ठेवायचा हे फौंड्रीतला अनुभवी माणूस नजरेनं ठरवतो, आणि चुकलं तर माल रिजेक्ट होऊन पुन्हा भट्टीत जातो. आयआयटी मुंबईत बी. रवी यांनी ऑटोकास्ट हे सॉफ्टवेअर विकसित केलं, लहान फौंड्रींसाठी ई-फौंड्री हा उपक्रम चालवला. पुढे ते सुरतकलच्या एनआयटीचे संचालक झाले. त्यांचंही स्वतःचं संशोधन कास्टिंगच्या संगणकीय रचनेपासूनच सुरू झालेलं. पण आपल्या वाळूचा ओलावा, पावसाळ्यात बदलणारं तिचं वागणं, भंगारातून आलेल्या लोखंडाची मिश्रणं, हे आकडे परदेशातल्या सॉफ्टवेअरमध्ये कुठून असणार? ते कुणीतरी कागलच्या एमआयडीसीत आणि बेळगावच्या उद्यमबागेत उभं राहून मोजायला हवेत. असा एक चांगला प्रबंध झाला, तर तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कारखानदारांच्या कामी येईल.

पैशाचंही स्पष्ट सांगतो, कारण घरातून पहिला प्रश्न तोच येतो. नेट किंवा गेटवरून मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली, आणि दोन वर्षांनंतरच्या वरिष्ठ टप्प्यावर ४२,०००. घरभाडं वेगळं. २०१८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीत पहिल्या दोन वर्षांसाठी महिना ७०,००० रुपये ठेवले होते. आयआयटीत शिष्यवृत्तीसह पूर्णवेळ जागा मिळाली तर घ्यावी. पण व्हीटीयूच्या संशोधन केंद्रांत किंवा शिवाजी विद्यापीठात राहूनही खरं काम होऊ शकतं, अट एकच, की गाईडकडे मोजायला प्रयोगशाळा असावी किंवा कारखान्याचं दार उघडून देण्याइतका त्याचा शब्द चालावा. गाईडला भेटायला जाल तेव्हा त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मागून घ्या आणि त्यांत मोजमापाचं प्रकरण आहे का ते पाहा.

एक विषय तर कोगनोळीच्या शिवेवरच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा खोरं बुडालं. कोल्हापूरजवळ महामार्ग बंद पडला, निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलं. तेव्हापासून एकच वाद चालू आहे : कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे पूर चढतो का? अलमट्टीची पातळी आज ५१९.६० मीटर आहे, ती ५२४.२५६ पर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा मानस आहे. महाराष्ट्रानं २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली आणि पुढे रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडेही अभ्यास सोपवला. सभांमध्ये यावर दोन्ही बाजूंनी जोरात बोललं जातं. पण प्रश्न मुळात आकड्यांचा आहे. वाहत्या नदीतल्या पाण्याची उंची आणि वेग यांची समीकरणं सेंट-व्हेनान्त या फ्रेंच इंजिनिअरनं १८७१ सालीच लिहून ठेवली. त्यांत नदीच्या तळाचा आकार, काठाचा खडबडीतपणा, वरून येणारं पाणी आणि खालची पातळी घातली, की पूर किती आणि कधी चढेल ते निघतं. चार-पाच मीटरच्या फरकाचा परिणाम वर किती किलोमीटरपर्यंत पोचतो, हे याच हिशेबातून ठरेल.

पुराच्या अशा मॉडेलमध्ये दूधगंगा आणि वेदगंगा सहसा मुख्य नदीला मिळणाऱ्या पाण्याच्या आकड्यापुरत्या उरतात. त्या स्वतः कशा चढतात, त्यांच्या काठावरचे महामार्गाचे भराव आणि पूल पाणी कितपत अडवतात, दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून किती वाजता सोडलेलं पाणी कोगनोळीच्या पुलाखाली किती वाजता पोचतं, कृष्णा फुगलेली असताना ते मागे किती थोपतं, यावर एक पूर्ण प्रबंध होऊ शकतो. त्यासाठी सुपरसंगणक लागणार नाही. चांगला डेस्कटॉप आणि फुकट मिळणारं हेक-रास हे सॉफ्टवेअर पुरेल. लागेल ते दोन पावसाळे पुलावर जाऊन पातळी मोजणं, नदीचे छेद काढणं, आणि पाणी कुठवर आलं होतं ते घराघरांत विचारून भिंतीवरच्या खुणा सर्व्हेच्या यंत्रानं टिपणं. धरणातून सोडलेल्या पाण्याच्या नोंदी कोल्हापूरच्या पाटबंधारे कार्यालयात मराठीत आहेत. पुलाच्या खालच्या बाजूच्या महसुली आणि पंचनाम्यांच्या नोंदी चिकोडी-निपाणीच्या कार्यालयांत कन्नडमध्ये. दोन्हीकडे जाऊन, दोन्ही वाचून, दोन्हीकडच्या कारकुनाशी त्याच्या भाषेत बोलून माहिती काढू शकेल असा संशोधक रुडकीत किंवा मुंबईत सहज मिळणार नाही. कोगनोळीत शाळा शिकलेल्या मुलीला दोन्ही भाषा येतात. तिनं पहिल्या वर्षी कोर्सवर्क चालू असतानाच दोन्ही कार्यालयांत माहितीसाठी अर्ज टाकावेत, कारण त्यांना वेळ लागतो, आणि पहिला पावसाळा हातचा जाऊ देऊ नये.